बदामाखाली झाकलेले खूर

"तुमच्या पोरीनं आमच्या पोराच्या फोटोवर सतरा बदाम टाकलेत," पाहायला आलेल्या मुलाची आई कप खाली ठेवत म्हणाली. "आमी म्हटलं, एवढी घाई हाय तर मध्यस्थाला घेऊन जाऊन यावं." तिनं मोबाईल माझ्या मुलापुढं धरला. पत्त्यातल्यासारखा तांबडा बदाम आणि त्यापुढं माझ्या नातीचं नाव, असं सतरा वेळा.

पळसदेवच्या आमच्या पडवीत अकरा माणसं बसली होती. कुणी खोकलं, कुणी हसलं. नात चहाचा ट्रे धरून उभी होती. ती बारामतीला दवाखान्यात नर्स आहे, रक्ताला घाबरत नाही. पण इथं तिनं मान खाली घातली. मुलीकडच्यांनी गुपचूप चौकशी करायची, आधी होकार दाखवायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. आता ही पोरगी गळ्यात पडणारी ठरत होती.

"तिनं न्हाय, मी दाबलेत," मी म्हणाले.

लग्न जुळवायच्या साइटवर नातीनं स्वतःची माहिती भरली आणि जुना मोबाईल तसाच उघडून माझ्याकडं दिला. "आज्जी, मला ड्युटी हाय. तूच बघ, बरा दिसला तर सांग," म्हणाली, आणि परत त्यात डोकावलीही नाही.

मी चौथी शिकले आहे, वाचता येतं. माळेगावचा हा मुलगा फोटोत गोठ्यापुढं उभा होता. हसरं तोंड कुणीही करतं. मी त्याच्या मागची गाय बघत होते. खूर वेळेवर छाटलेत का, यावरून घर कळतं. पण नेमका खुरांवरच तो बदाम येऊन बसलेला. फोटो सरकवला तरी हलेना. माशी हाकलावी तसा मी तो बोटानं दाबायची. तो जरा फुगायचा, नाहीसा व्हायचा आणि पुन्हा तिथंच. आठवडाभर हाच उद्योग. दर वेळी नातीच्या नावानं माळेगावला निरोप जातोय, हे तिथं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पानावर असली बटणं चिकटवणाऱ्यांना वाटतं, बोट लावलं म्हणजे मन बसलं.

हे सगळं मी पाहुण्यांना सांगितलं.

"मग आज्जी, दिसलं का खूर?" मुलाच्या आईनं विचारलं.

"एक दिसला. वाढलाय."

"व्हय आज्जी, वाढलेत," मुलगा म्हणाला. "छाटणारा दोन महिनं झालं, येतो येतो म्हणतोय." मग आईकडं वळला. "आई, ठेव तो मोबाईल. मला कुणी बघितलंच न्हाय, गाय बघितलीय."

माणसं हसली, पण या वेळी नातीला नाही. मुलाच्या आईनं तिच्या हातातून ट्रे घेतला, शेजारी बसवलं. "चुकलं माझं, पोरी," म्हणाली. तेवढं मला पुरलं.

नातीनं मुलाला दहा प्रश्न विचारले, सगळ्यांसमोर, मान वर करून. आठ दिवसांनी होकारही तिनंच कळवला. मला म्हणाली, "आज्जी, आता तुला साधा मोबाईल."

लग्न होऊन वर्ष झालं. गावात ही गंमत माझी म्हणून सांगतात. मला काही झालं नव्हतं. सोसलं ते नातीनं.