सुतकातलं तेल

गाव सोडताना पहाटेच्या अंधारात मी वडलांऐवजी गाडीवानाच्या पाया पडलो. दोघांच्याही डोक्यावरून घोंगडी, मला काय कळणार! वडील हसले. "पड बाबा. नेणारा त्योच हाय." मग त्यांच्याही पाया पडलो, पण हसण्याच्या नादात रडायचं राहूनच गेलं.

नेकनुरात आमचा तेलाचा घाणा. मी हैदराबादेत तेलाचं दुकान टाकलं. गावात 'आमी-तुमी' करणारा मी तिथं गिऱ्हाइकाला 'तशरीफ लाइए जनाब' म्हणायला लागलो. म्हणताना इतका वाकायचो, की हातातलं माप कलंडायचं. त्या वर्षी आमच्या गल्लीत चार नवी दुकानं उघडली होती. सणाला जो तो गावी जायचा आणि परतेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याचा उंबरठा चढलेलं असायचं. एकेका दुकानाच्या फळ्या कायमच्या लागत गेल्या.

धनत्रयोदशीला चुलतभाऊ नेकनुराहून आला. "काका गेले. अग्नी म्या दिला. दहाव्याला तरी चल."

सुतक असलेल्या घरचं तेल देवाच्या दिव्याला कोण घेतो? आणि माझ्या दुकानात तर दिवाळीचे डबे गळ्यापर्यंत भरलेले. फळ्या लावल्या असत्या, तर पुन्हा काढायला मिळाल्या नसत्या. म्हणालो, "तू हो पुढं. मी येतो."

"कावून रे? बाप एकच व्हता की." पाणीही न पिता तो गेला.

मी गेलो नाही. डोई भादरली नाही, रोजच्यासारखा टोपी घालून गल्ल्यावर बसलो. लक्ष्मीपूजनाला सगळी गल्ली माझ्या सुतकातल्या तेलावर उजळली. घरी मात्र बायकोनं पणती लावली नाही, कढई चढवली नाही. दुकान टिकलं.

वडील तेल वासावरनं ओळखायचे. अजून दर दिवाळीला वाटतं, कुठल्यातरी दिव्यावर वाकून ते वास घेतायत. मी मान खाली घालून माप भरत राहतो. जे गावी राहिले, त्यांना गाव आहे. माझ्यासारख्या निघून आलेल्यांचं काय सांगू? नेकनूर डोळे मिटले की दिसतं, पण चुलतभावाच्या दारावरून जायची छाती होत नाही.

परवा तिकडचाच एक तरणा गडी आला. इथं किराणा टाकणार म्हणे. "काका, दुकान टिकतं कशानं?" मी मांडी ठोकून व्याख्यान दिलं: माल चोख, माप भरून, जीभ गोड. तो खूश होऊन गेला.

बायको म्हणाली, "आवो, खरं सांगायचं व्हतं त्याला. त्याचा बाप आजून जिता हाय."