गुलाबीच्या डोळ्याखालचा पट्टा

रसूलभाई पहिल्यांदा आमच्या केंद्रावर आले तेव्हा त्यांनी कुणाला रामराम केला नाही की कुणाकडे पाणी मागितलं नाही. सरळ तबेल्यात शिरले. गव्हाणीतला चारा उचलून हुंगला, हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि मग घोडीच्या मानेवर, डाव्या बाजूने, वरून खाली सावकाश बोटं फिरवत राहिले. मी दारातच उभा होतो.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"काय न्हाई."

काही शोधायचं नसलेला माणूस इतकं बारकाईनं शोधत नाही. मी त्यांचं नाव मनात टिपून ठेवलं.

मी नानासो. केंद्र शिरवळला, मी तिथून जवळच्याच एका गावचा. बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीचशी खेचरांच्या पलटणीत. कुणावर लगेच विश्वास टाकायचा नाही हे तिथं हाडीमाशी खिळलं आणि घरी आल्यावरही सुटलं नाही. बायको म्हणते, तुम्ही देवाचा प्रसादसुद्धा आधी हुंगून खाता. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर प्रियदर्शनी मॅडमनी मला त्यांच्या केंद्रावर ठेवून घेतलं. मॅडम फिजिओथेरपिस्ट. कुणाचे हातपाय ताठ, कुणाला तोल सांभाळता येत नाही, कुणी कुणाकडे बघत नाही की बोलत नाही, अशी सोळा मुलं केंद्रावर येत. त्यांना घोडीवर बसवून हळूहळू फिरवायचं, म्हणजे तिच्या चालीनं त्यांच्या कमरेला आणि पाठीला सवय लागते, असं मॅडम म्हणत. खरं सांगायचं तर मला तेही आधी थोतांडच वाटलं होतं.

घोडी रसूलभाईंची. सांगलीत त्यांच्या घरी तीन पिढ्या वरातीच्या घोड्यांचा धंदा. कोरोनात लग्नं मांडवाऐवजी ओसरीवर व्हायला लागली, वराती बंद पडल्या, आणि घोडी दारात नुसती उभी राहिली. मॅडमना नेमकी अशीच घोडी हवी होती. जिनं बँड, डीजे, फटाके आणि नाचणारे करवले सगळं सोसलंय, ती मुलाच्या किंचाळण्यानं कशाला बुजेल? रसूलभाईंनी ती देऊन टाकली. बदल्यात काही मागितलं नाही. अटी मात्र दोन घातल्या. दर दुसऱ्या रविवारी मी येऊन तिला बघणार, ही एक. आणि तिच्या तोंडावरचा पट्टा माझ्याशिवाय कुणी काढायचा नाही, ही दुसरी.

पट्टा म्हणजे चार बोटं रुंद कातडी पट्टा, त्यावर मणी आणि आरसे शिवलेले. तो घोडीच्या डाव्या डोळ्याच्या अगदी खालून जायचा.

"काढला की बिथरती," एवढंच ते म्हणाले होते.

आता सांगा, मला संशय येणार नाही तर काय होणार? जिवापाड सांभाळलेली घोडी कुणी फुकट देतं का? त्यात घोडी खोबऱ्यासारखी पांढरीफेक आणि नाव गुलाबी. हे नाव दुसऱ्याच कुठल्या घोडीचं असणार, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. फौजेत जनावराच्या खुरावर नंबर डागतात, तसाच काहीतरी डाग हिच्या गालावर असणार आणि तो झाकायला हा पट्टा. थोडक्यात, घोडी चोरीची. मी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाना, चोरीच्या घोडीची चौकशी करायला चोर दर पंधरा दिवसांनी एसटीनं सांगलीहून येतो का?" पण तेवढ्यानं संशय जातो असं थोडंच आहे.

पट्टा मी स्वतःहून कधी काढला नाही. मॅडमनी शब्द दिला होता आणि तो पाळणं माझ्याकडे होतं. पण खरारा करताना बोट आत सरकवून चाचपायचा प्रयत्न मी तीनदा केला, हेही कबूल करतो. तिन्ही वेळा गुलाबीनं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो.

घोडी होती मात्र सोन्यासारखी. मूल पाठीवर एका बाजूला कलायला लागलं की कुणी न सांगता थांबायची. एक मुलगा घाबरला की तिच्या आयाळीत तोंड खुपसून ओरडायचा. ती कान मागे न पाडता उभी राहायची. वरातीत नवरदेवांची हौस सोसलेल्या जनावराला हे काय जड, असं मी म्हणायचो, पण तिला भेटल्याशिवाय मी सकाळचा चहा पीत नसे.

रसूलभाईंची आणखी एक खोड माझ्या लक्षात आली, आणि तिच्यामुळे माझी झोप उडाली. ते आमची मुलं मोजायचे. दर वेळी तबेल्यातून बाहेर आले की व्हरांड्याच्या कडेला उभे राहायचे आणि ओठ हलवत एकेका मुलावर नजर टाकायचे. परक्या माणसानं आमची मुलं का मोजावीत? एकदा एक मुलगा आला नव्हता. पंधराच भरली. रसूलभाईंचा चेहरा उतरला. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "एक कमी हाय. कुठं गेलं त्ये?"

"मामाच्या गावाला गेलाय."

"खरं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"फोन लावा. त्याच्या आईला फोन लावा, मला ऐकू दे."

मी फोन लावला नाही. मॅडमनी लावला. पोरगा मामाकडे आंबे खात होता. तेव्हा कुठे रसूलभाईंनी गार झालेला चहा प्यायला. त्या दिवसापासून ते आले की मी फाटकापासून त्यांच्या मागे राहू लागलो.

ते येऊन जायला लागून वर्ष झालं असेल, तेव्हा भडका उडाला. नेहमीप्रमाणे त्यांची बोटं घोडीच्या मानेवरून फिरत होती आणि एका जागी थांबली. डाव्या बाजूला, जिथून मोठी शीर जाते तिथं, रुपयाएवढ्या जागेवरचे केस गेले होते. खालची कातडी दिसत होती. माझं सगळं लक्ष पट्ट्यात, ती जागा आजवर माझ्या नजरेत आली नव्हती. रसूलभाई वळले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

"रगत काढताय व्हय तिचं?"

मला आधी कळलंच नाही. मग ते बोलत सुटले. साप चावल्यावर जी लस देतात ती घोड्याच्या रक्तापासून करतात. त्यासाठी मानेवरचे केस भादरून शिरेत सुई घालतात. वरातीची कितीतरी म्हातारी घोडी कुठं जातात कुणाला ठाऊक. "हितं तर समद्या कंपन्याच हायेत. दिली आसंल कुणाला तरी भाड्यानं. म्हणून म्या दर बारीला मान बघतोय. मला ठावंच हुतं."

बावीस वर्षं मी मुक्या जनावरांची चाकरी केली. खेचराला बर्फात माझं कांबळं घातलं. त्या माझ्यावर हा माणूस घोडीचं रक्त विकल्याचा आळ घेत होता. माझं डोकं फिरलं.

"आधी तुमचा पट्टा काढा," मी म्हणालो, "चोराच्या उलट्या बोंबा नकोत. काय झाकलंय त्याच्याखाली ते दिसू दे, मग माझ्यावर आळ घ्या."

आमचा आवाज ऐकून प्रियदर्शनी मॅडम आल्या. त्यांनी मानेवरची ती जागा पाहिली, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि परत गेल्या. आल्या त्या संयोगिताची चाकांची खुर्ची ढकलत. संयोगिता नऊ वर्षांची. तिच्या मुठी जन्मापासून आवळलेल्या. पाठीवर बसायची तिला भीती वाटे, म्हणून मॅडम रोज अर्धा तास तिची खुर्ची नुसती घोडीशेजारी लावून ठेवत. तशीच ती आताही लावली. गुलाबीनं मान खाली केली. संयोगिताचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला, वाकडातिकडा होत वर आला आणि बरोबर त्या उघड्या जागेवर टेकला. खुर्चीत बसून तेवढाच पोचत होता. मूठ सुटली. एकेक बोट उघडत गेलं आणि ती बोटं तिथं पुढेमागे फिरू लागली, जशी वर्षभर रोज फिरत होती.

"शीर उडते ना तिथं," मॅडम म्हणाल्या, "ती तिला हाताला लागते. केस झिजले, कारण ही दुसरीकडे हात ठेवतच नाही."

मॅडम तिला घेऊन गेल्या. आम्ही दोघं राहिलो. रसूलभाईंनी त्या जागेवर एकदा बोट टेकवलं. मग त्यांनी न सांगता पट्ट्याची कडी सोडली.

डाग नव्हता, नंबर नव्हता. डोळ्याच्या खाली, केसांचा एक गोल भोवरा होता. बस्स. पण मी शेतकऱ्याच्या घरचा. बैल घेताना भोवरे बघूनच मोठा झालो. घोड्याच्या डोळ्याखालचा भोवरा काय हे मला ठाऊक होतं.

"आसूढाळ," मी म्हणालो.

"व्हय. धन्याला रडवती म्हणत्यात."

ते खाली गवतावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत त्यांनी ही घोडी घेतली. रथावर गुलालाची उधळण चाललेली, माणसं गुलाबी, जनावरं गुलाबी. व्यापाऱ्यानं घोडीचं तोंड गुलालानं माखून ठेवलं होतं आणि त्या दिवशी त्यात वावगं असं काहीच दिसलं नाही. तिथंच त्यांनी तिचं नाव गुलाबी ठेवलं. सांगलीत आणून कृष्णेच्या घाटावर धुतली तेव्हा घोडी पांढरी निघाली आणि डोळ्याखाली भोवरा.

"परत का नाही दिली?"

"धुताना हातावर तोंड ठिवलं हुतं तिनं."

मग त्यांनी पट्टा शिवून घेतला. भोवऱ्याच्या घोडीवर कोण आपला नवरदेव बसवणार? नऊ वर्षं त्यांनी तो लपवला. ज्याला एकदा कुणी असं फसवलं आणि ज्यानं पुढे सगळ्यांना तसंच फसवलं, तो जगात कुणावर विश्वास ठेवणार, हे मला तेव्हा उमगलं. घोडी आणली त्याच साली त्यांची बायको हाजराबी आजारी पडली. रसूलभाई म्हणाले, हेच ते. पण ती खडखडीत बरी झाली. मग महापूर आला, घर छपरापर्यंत बुडालं. पुन्हा म्हणाले, हेच ते. "पर पूर समद्या गल्लीत आला की वो. भवरा तर माझ्याच घोडीला हुता."

"मग इथं का दिलीत? लहान मुलांत?"

"दारात उपाशी मारू काय? सांगितलं आसतं तर तुमी घेतली नसती. न सांगता दिली, आन् तवापासनं जिवाला घोर हाय. म्हणून येतोय. पोरं मोजतोय. एखादं कमी झालं तर ती माझी करणी."

आता लपवायची पाळी माझी होती. मॅडमना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. पण मुलांचे आईबाप माझ्यासारखेच, भोवरे बघणारे. एकाला कळलं की चार दिवसांत सगळ्यांना कळणार आणि गुलाबी फाटकाबाहेर जाणार. संयोगिताचा हात कुठे टेकणार होता मग? मी रसूलभाईंच्या हातातून पट्टा घेतला, आतून पुसला आणि मीच तो परत बांधला. आम्ही हात मिळवले नाहीत की गळ्यात गळे घातले नाहीत. ते एसटीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं आली तेव्हा मी व्हरांड्याच्या कडेला उभा राहून ती मोजत होतो.

पुढची तीन वर्षं मी रोज मोजली. कुणाला ताप आला तरी मी त्याच्या आईला फोन लावायचो. रविवारी रसूलभाई यायचे, फाटकातूनच मान उडवून विचारायचे, मी "सोळा" म्हणायचो आणि तरीही ते स्वतः जाऊन मोजायचेच.

गेल्या वर्षी पौषात एका सकाळी गुलाबीच्या पोटात कळा सुरू झाल्या. जनावरांचे डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, मी तिला दोन तास चालवली. दहाच्या सुमारास ती आडवी झाली आणि उठली नाही. मी सांगलीला फोन केला. गुलाबी गेली, म्हणून सांगितलं.

"कुणाला दिली?" रसूलभाई म्हणाले. "खरं सांगा."

मी व्हिडिओ कॉल लावून दाखवली. तरी ते म्हणाले, "जवळनं दावा." मी फोन तिच्या तोंडाजवळ नेला. मग त्यांनी फोन ठेवला.

दुपारी ते पोचले. आधी तबेल्यात आले नाहीत. व्हरांड्याशी गेले, पंधरा मुलं मोजली, पुन्हा एकदा मोजली आणि सोळावी घोडीपाशी आहे असं मी सांगितल्यावरच माझ्या मागून चालत आले. संयोगिताला मॅडमनी खुर्चीतून उतरवून गुलाबीच्या मानेशी जमिनीवर टेकवून बसवलं होतं, हात त्या जागेवर. मॅडम तिला नेत नव्हत्या. रसूलभाई तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी पट्टा सोडला. भोवरा सगळ्यांसमोर उघडा पडला. कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही.

"तेरा वरसं वाट बघितली हवालदार," ते म्हणाले, "की कवा रडवती, कवा रडवती." म्हातारा माणूस हमसून हमसून रडला.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मग नीट निरखून पाहिलं, पहिल्या दिवशी मानेवर बोटं फिरवताना पाहत होते तसंच.

"तुमी का रडताय?" ते म्हणाले. "धनी तर म्या हाय."