अक्काला कशाची हौस नव्हती

डावा हात कमरेवर, मान ताठ, नजर समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे. अक्का अशी उभी राहिली की गल्लीत नवी आलेली सून घाबरून पदर सावरायची. "भांडायला आल्यात का हो या?" असं हळूच मला विचारायची. भांडण कुठलं! खुबा ठणकत असायचा, तो ती हाताने दाबून धरायची. पण दुखतंय असं तोंडाने कबूल करेल तर ती अक्का कसली?

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. नातं काही नाही, पण साऱ्या गल्लीची अक्का तशी माझीही. मुलगा मद्रासला नोकरीला, ही इथे एकटी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दुपारची कॉफी ती आमच्याकडे प्यायची. साठ सालानंतर तिचं लंगडणं वाढलं, तेव्हा मी तिला ओढत हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. ओढत म्हणजे खरंच ओढत. रिक्षात बसवेपर्यंत निम्मी गल्ली गोळा झाली होती.

डॉक्टर तमिळ, तरुण, शांत. एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले, "अम्मा, मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं, ते कमरेच्या हाडाच्या वाटीत फिरतं. दोन्हींवरचं गुळगुळीत अस्तर झिजलंय. हाडावर हाड घासतंय." मद्रासला हल्ली तो गोळा काढून धातूचा बसवतात, असंही म्हणाले.

"मग बसवून टाका!" मी म्हटलं.

"लगेच नाही. मोठं ऑपरेशन आहे. नंतर मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं तर नाहीच. नुसता एक्स-रे वाईट दिसतो म्हणून कुणी ते करत नाही. आधी गोळ्या, शेक, हातात काठी. तेवढ्याने भागेना, रात्रीची झोप उडाली, आवडीच्या गोष्टी एकेक सुटायला लागल्या, की या."

झालं! डॉक्टरांनी नको ते हत्यार तिच्या हातात दिलं. आवडीची गोष्ट सुटली तर ऑपरेशन. मग सुटली ती आवडीची नव्हतीच, म्हटलं की झालं!

काठी आणली ती दाराआड टांगली, छत्रीच्या शेजारी. उकिडवं बसवेना तशी दारातली रांगोळी बंद झाली. मी विचारलं तर म्हणाली, "तांदळाचं पीठ टाकून मुंग्यांना जेवायला कशाला बोलवायचं? मला रांगोळीची कुठे हौस होती?" तीस-तीस ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई ही! मोठ्या देवळातली प्रदक्षिणा सुटली. "देव मध्ये बसलाय, भोवती फिरून त्याला चक्कर आणायची का?" तिरुवैयारूच्या उत्सवाला नदीकाठी वाळूत बसून गाणं ऐकायला दरवर्षी जायची, तेही सुटलं. "अय्यो, इतकी माणसं एकदम गातात, ऐकायचं कुणाचं? मला कुठे हौस होती?"

"आणि झोप?" मी ओरडले. "रात्रभर तुझ्या खोलीत दिवा असतो!"

"दिव्याची वात तपासते."

तुम्हीच सांगा, अशा बाईचं काय करायचं?

मग एका दुपारी ती कॉफीला आलीच नाही. मी समोर जाऊन विचारलं, तर म्हणते, "अगं, तुझी कॉफी पहिल्यापासून पाणचट. मला तिची कुठे हौस होती?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं टंबलर चाटूनपुसून रिकामा करत होती, आणि आता पाणचट! तणतणत घरी आले, दुप्पट पूड घालून कॉफी केली, आता ही तिच्या पुढ्यात आपटते म्हणून दाराशी आले, तर अक्का आमच्या ओट्याखाली उभी. आमच्या पायऱ्या जुन्या घडणीच्या, उंच. तिने कठडा धरला, एक पाय वर ठेवला, काढून घेतला. हात कमरेवर ठेवून थोडा वेळ पायऱ्यांकडे नुसती बघत राहिली आणि परत फिरली. मी दाराआड होते, तिला दिसले नाही.

कॉफी थंड झाली. राग गेला नाही, पण त्याचं तोंड दुसरीकडे वळलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टर. काय काय सुटलं, ते मीच सांगत गेले, आणि प्रत्येकाला ही "मला कुठे हौस" जोडत गेली.

"आणि माझ्या घरची कॉफी," मी म्हटलं.

"पाणचट असते हो," अक्का डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग रोज का पीत होतात, अम्मा?"

अक्काचा हात कमरेवर गेला. मग मान खाली घालून तिने विचारलं, "हिच्या घरच्या पायऱ्या परत चढता येतील?"

"वचन देत नाही. पण चढून बघावं एवढी आशा आहे."

ती मद्रासला गेली. पुष्कळ दिवसांनी आली ती काठीवर, पण कमरेवर हात नव्हता. तिची सून मागून सांगत होती, "चांगला पाय आधी, नवा मागून." मी हात पुढे केला, तर "पोडी, बाजूला हो!" पायऱ्या चढून वर आली, मांडलेल्या उंच खुर्चीवर टेकली, डावा हात कुठे ठेवावा ते तिला कळेना, म्हणून मी त्यात टंबलर दिला. तिने घोट घेतला.

"पाणचटच आहे," म्हणाली, आणि संपवून टंबलर पुढे केला.

अक्काला जाऊन आता फार वर्षं झाली. माझी सून रोज सांगते, अम्मा, थोडी पूड वाढवा. मी वाढवत नाही. धातूच्या खुब्यावर पायऱ्या चढून एक बाई ज्या कॉफीला नावं ठेवायला येत होती, तिच्यात मी कशाला हात घालू?