आटलेल्या गायी

उसाच्या वाढ्यांचा, त्या हिरव्या शेंड्यांचा ओला वास आला, की मला गेवराईकडची दुष्काळातली चारा छावणी आठवते. दूध संस्थेच्या संगणकावर मी प्रोग्रॅम लिहायला शिकत होते, छावणीतल्या दुधाचा हिशोब करणारा. त्यात गायीमागे दुधाची सरासरी चक्क वाढलेली निघाली.

"मग छावणीला देतो ती पेंड बंद करा," संस्थेचे चेअरमन म्हणाले.

छावणीतली कासाबाई भडकली. "माज्या दोन गायी आटल्या, त्या कुठं हायेत ह्यात?"

आटलेल्या गायी मी वगळल्या होत्या. त्या शून्य लिटर धरून घेतल्या आणि सरासरी कोसळली.

"काढ त्या," चेअरमन म्हणाले.

"न्हाई काढणार, साहेब," मी म्हणाले. "त्या बी पेंड खात्यात, तर मोजायच्या."

नव्या सरासरीचा कागद छापून मी छावणीच्या दारावर चिकटवला. पेंड थांबली नाही. तेव्हा वाटलं, मी चेअरमनशी भांडले. खरं तर चूक माझी होती. ती सुधारायला मी कुणाची परवानगी घेतली नाही, एवढंच.