टॉवरला दिलेली वहिवाट

गणपतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. पलीकडून काकू बोलत होत्या. रडत नव्हत्या. "सकाळी चहा घेतला आन् बसल्या जागीच मान टाकली," एवढंच म्हणाल्या. शब्दन् शब्द नीट ऐकू आला. हे मुद्दाम सांगते, कारण पूर्वी वसमतच्या आमच्या वस्तीत फोन आला की माणसाला गच्चीवर जाऊन ओरडावं लागे. वस्तीत टॉवर आला तो काकांमुळे... आणि आमची अभ्यासिका राहिली तीही त्यांच्यामुळेच.

काका माझ्या नात्यातले नव्हते. मूळचे शिरड शहापूरचे शेतकरी, बी.ए. झालेले. लेकरांच्या शिक्षणासाठी वसमतला घर बांधलं आणि पुढे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक झाले. घराला लागून त्यांचाच मोकळा प्लॉट होता, मुलाच्या, प्रकाशच्या, घरासाठी ठेवलेला, आणि प्लॉटच्या मागच्या भिंतीपलीकडे नगरपरिषदेचं उद्यान. उद्यान म्हणजे काही कडुनिंब, एक घसरगुंडी आणि फाटकाजवळ पत्र्याचं शेड. म्हाताऱ्यांना बसण्यासाठी बांधलेलं ते शेड आम्ही पोरींनी अभ्यासासाठी हळूहळू बळकावलं. माझ्या घरी एकच खोली, त्यात सगळं कुटुंब आणि टीव्ही. वडील मोंढ्यात हमाली करायचे. लांबच्या लायब्ररीत मला पाठवायला ते तयार नव्हते, पण शेड आमच्या दारातून दिसायचं, म्हणून तिथं बसायची परवानगी होती. आमच्या घराण्यातली पहिली पदवी त्या पत्र्याखाली झाली.

टॉवरच्या कंपनीला नेमकी तीच जागा हवी होती. ओटा तयार, वीज शेजारी, जनरेटरसाठी डिझेलची गाडी फाटकातून थेट आत. भाडेपट्ट्याची बोलणी नगरपरिषदेने काकांवर सोपवली होती. नेटवर्क आम्हालाही हवंच होतं. परीक्षेचा फॉर्म भरायचा तर आम्ही मोबाइल घेऊन घसरगुंडीवर चढायचो. त्यामुळे टॉवर नको म्हणायला तोंड नव्हतं, आणि शेड गेलं तर आमच्यातल्या अर्ध्याअधिक पोरींचं शिक्षण थांबणार होतं. आम्ही काकांकडे गेलो. "दोन्ही पायजे म्हन्ता ना? मंग मधी बोलू नका," ते म्हणाले.

कंपनीचे साहेब जागा पाहायला आले तेव्हा आम्ही शेडातच पुस्तकं उघडून बसलो होतो. काकांनी त्यांना उद्यानाचा मागचा कोपरा दाखवला, स्वतःच्या प्लॉटच्या भिंतीलगतचा. साहेबांनी मान हलवली. तिथवर गाडी न्यायची तर झाडं तोडावी लागतील, ते म्हणाले. वाट नसेल तर कंपनी दुसऱ्या वॉर्डात जागा बघेल. पुढच्या बैठकीतही हेच झालं. कुंपण, जनरेटरचा आवाज, घसरगुंडीपासूनचं अंतर, सगळं काकांनी मान्य करून घेतलं. गाडं अडलं ते वाटेवर.

आणि वाट हा काकांचा दुखरा विषय होता. त्यांच्या वडिलांनी एका सुगीपुरती चुलत्याला शेतातून गाडी नेऊ दिली होती. पुढं तीच वहिवाट, म्हणजे चुलत्याचा कायमचा हक्क, झाली. प्रकरण तहसीलला गेलं, आणि चुलतभाऊ एकमेकांच्या सुखदुःखाला जाईनासे झाले. तेव्हापासून काका कुणालाही सांगायचे, "बैल मागा, देतो. वाट मागू नका."

ती बैठक काकांच्याच घरी होती. तंबाखू मळून झाली तरी काकांनी ती तोंडात टाकली नाही. मग म्हणाले, "माझ्या प्लॉटातून न्या गाडी. मागची भिंत फोडा, फाटक बसवा. पर शेडाला हात लावायचा न्हाई, हे कागदावर घ्या."

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. "काहून? प्रकाशचं घर कुठं बांधता मंग?"

"वाट सोडून बांधंल."

काकूंनी चहा ठेवला आणि आत गेल्या. पुढे काही दिवस त्या काकांशी धड बोलत नव्हत्या, हे आम्हाला दिसत होतं. भाडेपट्टा झाला, भिंत फोडली, टॉवर उभा राहिला. कट्ट्यावर लोकांनी काकांची टिंगल केली. "काय गणपतराव, आता कुनाच्या नावानं तहसीलला जाता?" काका म्हणायचे, "माझ्याच."

गंमत म्हणजे उद्यानामागच्या गल्लीतल्या पोरींना शेडाकडे यायला ती वाट जवळची पडली. डिझेलच्या गाडीपेक्षा जास्त वर्दळ पोरींचीच. काकांनी कुणाला हटकलं नाही. मी पदवीचे पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी अर्धा पेढा खाल्ला आणि म्हणाले, "बरं झालं. आता शेडातली जागा दुसरीला दे." मला थोडं लागलं... मग उमगलं की त्यांनी खरंच पुढच्या पोरीच्या जागेचाच विचार केला होता.

तेरवीला मी गेले. प्रकाशदादाने मांडव प्लॉटभर घालायला सांगितला होता. काकूंनी मांडववाल्याकडून तो एका अंगाला सरकवून घेतला. पंगती दाटीवाटीनं बसल्या. जेवणं चालू असताना डिझेलची गाडी रस्त्यावर येऊन थांबली. चालकाला हार घातलेला फोटो दिसला आणि तो गाडी मागं घेऊ लागला. प्रकाशदादाही त्याला हातानंच, उद्या या, असं सांगत होता. काकू पदर सावरत उठल्या.

"आडवू नको रे त्याला. वहिवाट हाय ती."

कडेच्या पंगतीनं पाय आवरले. गाडी हळूहळू आत गेली. तिच्यामागून दोन पोरी आल्या, मांडवाकडे पाहून क्षणभर घुटमळल्या आणि पुस्तकं छातीशी धरून त्याच वाटेनं शेडाकडे गेल्या.