सीलिंगवर अडकलेली हवा

ऑगस्टचा तिसरा रविवार. रक्कम अडुसष्ट हजार रुपये. हजर माणसं चार: मी, बायको, पलंगावर माझे वडील आणि शिडीवर मिस्त्री. गाझियाबादला सर्वांत वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. तिथलं फॉल्स सीलिंग पूर्ण उतरवून नवं करायचा हा अंदाज, मिस्त्रींनी खालून बघून दिलेला.

वडिलांच्या पलंगाच्या बरोबर वर सीलिंगला बुरशीचे काळे ठिपके आले होते. दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा महिन्याभरात ते परत आले. वडिलांना दमा. त्यांना या खोलीत झोपवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण दुसऱ्या खोलीत मुलीची बारावी, आणि आम्ही दोघं हॉलमध्ये झोपतो. थंडीत धुरामुळे खिडकी बंद, पावसात दमटपणामुळे बंद. वर्षातले आठ महिने ते त्या दहा बाय अकराच्या खोलीत कोंडलेले असत.

मिस्त्रींनी दिवा काढून भोकातून हात घातला. बाहेर आला तो ओला. मग त्यांनी टॉर्च मारून पाहिलं.

"साहब, ऊपर की जालियाँ पैक किसने कीं?"

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही थंडीसाठी दिवाळीनंतर झरोक्यांना वर्तमानपत्र चिकटवायचो आणि होळीला फाडून काढायचो. इथे राहायला आल्यावर छताजवळच्या दोन्ही जाळ्या मी थर्माकोल लावून बंद केल्या. नंतर त्यांच्याखाली सीलिंग झालं, जाळ्या दिसेनाशा झाल्या आणि तीन होळ्या तशाच गेल्या. बाथरूमच्या पंख्याचा पाइपही सीलिंगवरच्या त्याच पोकळीत सुटत होता. गिझरची सगळी वाफ वर जायची आणि तिथेच राहायची. हवेतल्या धुराचे आकडे मी रोज वहीत लिहितो. वाफेचा विचार एकदाही केला नाही.

"मैंने," मी म्हणालो.

"वहीत तारीखही असेल," बायको म्हणाली.

वडील खोकत खोकत हसले. "बरणीचं तोंड बांधून लोणचं मुरवतात, तसं मुरवलंस रे मला!"

मी मिस्त्रींना विचारलं, जाळ्या उघडल्या तर नोव्हेंबरात धूर नाही का येणार?

"आएगा तो ऊपर ही ऊपर निकल जाएगा. नीचे के छेद मैं बंद कर दूँगा. पूरा उतारने की ज़रूरत नहीं."

तीन आठवडे वडील हॉलमध्ये आणि आम्ही स्वयंपाकघरात खाली झोपलो. थर्माकोल निघाला, समोरासमोरच्या जाळ्या मोकळ्या झाल्या, पाइप भिंतीबाहेर काढला. पोकळी कोरडी झाल्यावरच सीलिंगचे चार नवे बोर्ड बसवले. दिवाळीपर्यंत एकही ठिपका आला नाही, रात्रीचा खोकला कमी झाला.

"आता खिडकी?" वडिलांनी विचारलं.

"फेब्रुवारीत," मी म्हणालो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मिस्त्रींना रोख दिले चौदा हजार तीनशे.