नोराल्बाचा डबा

आमच्या बिस्किट कंपनीचा नाताळचा पत्र्याचा डबा मेदेयीन शहरात घरोघरी सापडेल. बिस्किटं संपतात, मग त्यात सुया-दोरे जातात. त्यावरचा येशूजन्माचा देखावा दर वर्षी नोराल्बा काढायची. मी तिच्या शेजारच्या टेबलावर छपाईचं बघायचो, राहायलाही एकाच गल्लीत. म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत घडलंय, आणि आठवलं की अजून डोकं तापतं.

एके दिवशी डॉक्टर एचेव्हेरींनी, म्हणजे आमच्या साहेबांनी (आमच्याकडे साहेबाला डॉक्टरच म्हणतात), सगळ्यांना बोलावलं. "पगारी माणसं ठेवायचे दिवस गेले. आता प्रत्येक काम वेबसाइटवर टाकायचं, जगातल्या कुणीही करावं. तुम्ही सगळे आता मोकळे." मोकळे म्हणे. गुरं सोडतात तसं सोडलं आम्हाला, आणि वर केक खायला घातला.

मी मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसलो. नोराल्बा घरी संगणकासमोर बसली. तिला एवढंच हवं होतं, की डबा हातचा जाऊ नये.

"बाकी कामं कुणीही नेऊ दे, गिल्दार्दो. डबा माझा आहे."

"तुझा कसला? नाव कंपनीचं असतं त्यावर."

"नाव त्यांचं असेल. गल्लीत विचार जा, डबा कुणाचा ते."

मग डब्याची स्पर्धा लागली. चित्र कुणीही पाठवायचं आणि मतंही सगळ्यांनी द्यायची. त्या वेबसाइटवर स्पर्धक एकमेकांशी बोलू शकतात. क्रोएशियातल्या कुणा यास्नानं तिला विचारलं, तुमच्याकडे हा देखावा मांडतात कसा, तुमच्याकडचा मी कधी पाहिला नाही. आता नोराल्बाच्या घरून मीटर बघायला आलेला माणूससुद्धा कॉफी घेतल्याशिवाय सुटत नाही. तिनं पानंच्या पानं लिहिली. डोंगराला शेवाळ लावायचं, तळ्याच्या जागी आरसा ठेवायचा, कोंबड्या घरांपेक्षा मोठ्या असल्या तरी कुणी काही म्हणत नाही, आणि चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत बाळ ठेवायचं नाही. जुन्या देखाव्यांचे फोटोही पाठवले.

मी कपाळावर हात मारला. "अगं बये, ती तुझ्याविरुद्ध उभी आहे. कळतंय का काही?"

"विचारलं तर सांगू नको? ऑफिसात नवं माणूस आलं की आपण सांगायचोच ना?"

"ते ऑफिस होतं. इथे तू स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतेयस."

"तू हे तळलेले बुन्युएलो खा, गार झाले की चिवट होतात."

मी खाल्ले.

यास्ना जिंकली. चित्र पाहिलं तर शेवाळ, आरसा, कोंबड्या, रिकामी गव्हाण, सगळं जिथल्या तिथे. नोराल्बाला ईमेल आला: सर्वांत मदतशील सहभागी म्हणून आपल्या नावापुढे एक तारा देण्यात येत आहे. मी तिला साहेबांना फोन लावायला लावला. ते गोड आवाजात, नावाआधी मानाचं 'दोन्या' लावून म्हणाले, "दोन्या नोराल्बा, मी कुठे निवडतो? मतं पडली. मनाला लावून घेऊ नका." म्हणजे भांडायचं तरी कुणाशी, त्या वेबसाइटशी?

फोन ठेवून तिनं यास्नाचं चित्र पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "माझं वाईट होतं का रे?"

"वाईट कसलं," मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर यास्नाचं चित्र चांगलं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

नाताळाआधी नऊ दिवस संध्याकाळी प्रार्थना असते, त्यांतल्या एका संध्याकाळी गल्ली तिच्याकडे जमली. प्रार्थना झाली, गाणी झाली. कुणीतरी नवा डबा आणला होता. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या दोन्या एउमेलियांनी तो हातात घेतला, चष्मा लावून न्याहाळला आणि नोराल्बाच्या गालावरून हात फिरवला. "पोरी, इतक्या वर्षांत हा सगळ्यांत छान काढलास गं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बोलायला तोंड उघडलं, तर नोराल्बानं टेबलाखाली माझा पाय दाबला, चांगला जोरात.

"आवडला ना तुम्हाला?" ती म्हणाली आणि डबा उघडून बिस्किटं फिरवायला लागली. माझ्यापाशी आली तेव्हा मी घेतलं नाही.